पाथर्डी फाट्यावरच्या त्या दोघांचे आभार

कसारा घाट चढतानाच आमच्या जुन्या व्हॅनचा तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकला होता. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर वाफाच निघायला लागल्या. मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच रिक्षावाले काका ओरडले, "अहो, भाजून घेताय का! निवू द्या आधी." तासभर त्यांनी चहा पाजून मला थोपवून धरलं.

मग शेजारच्या गॅरेजातल्या पोरानं रेडिएटर रिकामा केला. रंग अगदी गुळाच्या चहाचा! (दोन वर्षं नळाचंच पाणी ओतत होतो, चूक माझीच.) गाडीतला हीटर पूर्ण उघडून, नितळ पाणी येईपर्यंत त्यानं धुतलं. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवलं. पैसे घेतले फक्त कूलंटचे. नावं विचारायची राहूनच गेली. दादा, काका, मनापासून आभार.