तंजावरच्या मराठीची नोंद व्हावी

संपादक महोदय,

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाल्यापासून तिच्या प्राचीनतेची बरीच चर्चा झाली. मात्र महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या तग धरून राहिलेल्या मराठीकडे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापन केलेले तंजावरचे भोसले राज्य 1855 मध्ये संपुष्टात आले. त्यानंतर राजाश्रय नसतानाही तेथील अनेक कुटुंबे शिक्षण व व्यवहार तमिळमध्ये करत, प्रसंगी मराठी मजकूरही तमिळ लिपीत लिहीत, घरात मराठीच बोलत राहिली.

या बोलीचे वळण आपल्या कानाला तमिळ वाटते म्हणून तिला ‘मोडकी मराठी’ ठरवण्याचा आगाऊपणा आपल्याकडे होतो. (आम्हा पुणेकरांचीच बोली निखळ, हा समज कुठून आला कोण जाणे!) वास्तविक ही माणसे एकाच वेळी पूर्ण तमिळ आणि पूर्ण मराठी आहेत. शिवाय ही देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. साकी, दिंडी, ओवी हे आपले छंद तंजावरच्या हरिकथाकारांनी (कीर्तनासारखी गात कथा सांगणाऱ्यांनी) असे आत्मसात केले की तमिळ हरिकथेतही ते सहज गायले जाऊ लागले.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवरील भोसले घराण्यातील सरफोजीराजांचा मराठी शिलालेख निदान जतन तरी झाले आहेत. घरातल्या बोलीला मात्र तसे संरक्षण नाही. आजी-नातवंडांचे बोलणे तमिळ वा इंग्रजीत होऊ लागले की ती एका पिढीत नाहीशी होऊ शकते. राज्य शासनाने तिचे ध्वनिमुद्रण व शब्दकोश ही कामे, तेथील जाणत्या मंडळींना सोबत घेऊन, तातडीने हाती घ्यावीत.

– एक वाचक, पुणे