सिल्व्हर्स भावंडं आणि तुझा जुना निकाल

ठाणे,
रविवार, दुपार

प्रिय विन्या,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. हेच फोनवर बोलायला घेतलं असतं तर तू दुसऱ्याच वाक्याला मला तोडलं असतंस. म्हणून लिहितोय. आता तुला शेवटपर्यंत वाचणं भाग आहे.

लॉस एंजेलिसचा पुतण्या गेल्या महिन्यात येऊन गेला. येताना त्याने माझ्यासाठी सिल्व्हर्स या अमेरिकन गाणाऱ्या भावंडांच्या जुन्या अल्बमांचे रीइश्यू, म्हणजे नव्याने काढलेल्या प्रती, आणले. हो, तेच, 'बूगी फीव्हर'वाले. आपल्याकडे त्यांचं तेवढं एकच गाणं होतं, माझ्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या बी बाजूला, आणि ते लागलं की तू डग्ग्यावरचा हात उचलून सिगारेट पेटवायचास. "चार सारखे ठोके मारायला माणूस कशाला हवा, पिठाची गिरणी पुरे." मग तुझा ठरलेला निकाल यायचा : सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांचं भावभरलं गाणं, गाणाऱ्यांच्या घरात डिस्को शिरला आणि घर बुडालं. मी मान डोलवायचो, कारण तबला तुला येत होता आणि मला नव्हता.

तीन आठवडे ऐकतोय. क्रमाने, १९७२ पासून. तुझा निकाल चुकला होता, विन्या. घर बुडालं हे खरं. कारण मात्र वेगळंच होतं.

आधी घर समजून घे. वॉट्स हा लॉस एंजेलिसचा तेव्हा काळ्या वस्तीचा असलेला भाग, तिथलं हे कुटुंब. मोठ्या चौघांनी लहानपणी 'लिटल एंजल्स' नावाने गायला सुरुवात केली, मग धाकटे एकेक करून येत गेले, आणि कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीच्या दिवसांत स्टेजवर नऊ जण उभे राहायला लागले. आपल्या कॉलेजच्या कोरसला तालमीला एवढी माणसं कधी जमली नाहीत. यातला एडमंड जॅक्सन भावंडांच्या कार्टून मालिकेत मार्लन जॅक्सनचा आवाज द्यायचा. म्हणजे ज्यांच्याशी आयुष्यभर तुलना व्हायची, त्यांच्यातल्याच एकाचं तोंड याच्याकडे होतं!

पण आपला माणूस त्यांच्यातला लिऑन. १९७२ चा पहिला अल्बम, पुढच्या वर्षीचा दुसरा, दोन्ही प्राइड लेबलवर, आणि बहुतेक गाणी त्याची. तेव्हा तो नुकता विशीला टेकत होता. 'फूल्स पॅरडाइस' ऐक. 'विश दॅट आय कुड टॉक टू यू' ऐक. बहीणभावांचे आवाज एकात एक असे मिसळतात की कोण कुठे संपलं ते कळत नाही, आणि तरी ते गोडगोड होत नाही. कुठेतरी एक सूर मुद्दाम आंबट ठेवलेला असतो. कैरीच्या डाळीत गूळ घालताना आई हात आखडता घ्यायची ना, तसा.

आणि १९७३ चं 'मिसडिमिनर'. लिऑनने हे धाकट्या फॉस्टरसाठी लिहिलं. पोरगं अकरा वर्षांचं. गाण्यात काय आहे? जवळजवळ काहीच नाही. थोडे ड्रम, वर पोराचा आवाज, आणि खाली एक बेस, जो दोन शब्द बोलतो, थांबतो, पुन्हा दोन बोलतो. त्या थांबण्यातच सगळी गंमत आहे. मी सलग अकरा वेळा ऐकलं. शेवटी ही म्हणाली, आता मुलगा बारा वर्षांचा झाला असेल, बंद करा. हे गाणं पुढे हिप-हॉपवाल्यांनी उचललं, ते उगाच नाही.

आता डिस्को. १९७५ मध्ये ते कॅपिटॉलकडे आले आणि कंपनीने निर्माता म्हणून फ्रेडी पेरेनना आणलं. पेरेन म्हणजे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत जॅक्सन भावंडांसाठी 'आय वाँट यू बॅक' आणि 'एबीसी' रचणाऱ्या मंडळींपैकी एक. जॅक्सन फाइव्हचा साचा त्यांच्या हातात तयारच होता. 'बूगी फीव्हर' त्यांचं आणि केनी सेंट लुइसचं, मे १९७६ मध्ये बिलबोर्डच्या अमेरिकन यादीत पहिलं. 'हॉट लाइन'ही त्याच दोघांचं, ते पाचव्या नंबरापर्यंत गेलं. वाईट आहेत का? मुळीच नाही. परवा भांडी घासताना मीच गुणगुणत होतो. पण 'शोकेस' हा अल्बम प्राइडच्या अल्बमांनंतर लगेच लावलास तर कळेल काय झालं ते. डिस्को शिरला ते जाऊ दे. ज्याच्या हातचं घरातले जेवत होते, तो माणूस, म्हणजे लिऑन, पंगतीत बसलाय आणि आचारी बाहेरून आलाय. जेवण झकास, मंडळी तृप्त, फक्त ते या घरचं नाही. त्याच आचाऱ्याने त्याच वर्षी टॅव्हारेस बंधूंनाही 'हेवन मस्ट बी मिसिंग अ‍ॅन एंजल' वाढलं, तेही कॅपिटॉलसाठीच. पंगती दोन, मसाला एक.

१९७७ च्या 'न्यू होरायझन्स'मध्ये पेरेन नाहीत, भावंडांनी सूत्रं पुन्हा स्वतःकडे घेतली. मला हा अल्बम फार आवडला, पण 'बूगी फीव्हर'सारखं यश मिळालं नाही. मग कॅसाब्लँका कंपनी, आणि १९७९ चा 'डिस्को फीव्हर'. आधी बूगीचा फीव्हर, आता डिस्कोचा. ताप उतरला तरी काखेत थर्मामीटर! निर्माते जॉर्जिओ मोरोडर आणि कीथ फॉर्सी. मोरोडर म्हणजे डोना समरचं 'आय फील लव्ह' करणारा माणूस, त्याच्या हुशारीबद्दल वाद नाही. पण इथे यंत्र आधी चालू होतं आणि माणसं मागून चढतात. हा अल्बम तुला द्यायला मी तयार आहे. इथे तुझी गिरणी खरंच ऐकू येते. आणि वेळ तरी कशी, त्याच जुलैत शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डी स्फोटाने उडवल्या गेल्या. आपल्याकडे 'आप जैसा कोई' आलं १९८० मध्ये. म्हणजे तिकडे तेरावं उरकल्यावर इकडे बारसं.

पण 'डिस्को फीव्हर'च्या वेळी लिऑन घरात नव्हता. तो गेला होता डिक ग्रिफी यांच्या सोलार कंपनीत, दुसऱ्यांसाठी गाणी करायला. आणि तिथे त्याने काय केलं? डिस्कोच! शालामार या गटाचं 'द सेकंड टाइम अराउंड' त्याच्या हातचं, सोलच्या यादीत पहिलं, मुख्य यादीत आठवं. व्हिस्पर्स या गटाचं 'अँड द बीट गोज ऑन', तेही सोलच्या यादीत पहिलं. आता तबलजी म्हणून ऐक. सोलच्या ठेक्यात स्नेअर, म्हणजे काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, पायाचा ड्रम मोकळा, हवा तिथे येतो, हवा तिथे गप्प. डिस्कोत पायाचा ड्रम चारही मात्रांना बांधलेला. तू इथवर ऐकून उठायचास. पण डग्गा बांधला की खेळायचं कुणी? बेसने. आणि बेसला बोलायला आणि थांबायला लावणं हे लिऑन १९७३ पासून करत होता. ठेका बांधला गेला आणि त्याला उलट अंगण मिळालं. 'मिसडिमिनर'नंतर लगेच 'अँड द बीट गोज ऑन' लाव. एकाच माणसाची बोटं मोडायची सवय ऐकू येते की नाही सांग.

आणि १९८१ मध्ये सिल्व्हर्स स्वतःच सोलारमध्ये आले, 'कॉन्सेप्ट' नावाचा अल्बम करायला. सगळं घर चालत लिऑनच्या नव्या स्वयंपाकघरात. तोवर गर्दी पांगली होती, ते सोड. मला त्या अल्बमवर कुठलीच घाई ऐकू येत नाही.

गाणी पेन ड्राइव्हवर घालून सोबत पाठवतोय, याच क्रमाने. क्रम मोडू नकोस. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं कळव.

तुझा,
अरू

ता. क. कॅसेट सापडली. बी बाजूला 'बूगी फीव्हर' संपल्यावर तू बोललेला ऐकू येतोस, "लाव रे परत एकदा." सिगारेट संपली नसावी.