ड्रॉइंग काढणाऱ्या शिकाऊ उमेदवाराला फौंड्रीही दाखवा

मा. संपादक,
महोदय,

अभियांत्रिकी पदविकेचे निकाल लागले की बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे आणि होनगा येथील कारखान्यांत किती शिकाऊ उमेदवार घेतले जाणार याची आपल्या भागात चर्चा होते, पण घेतलेल्या मुलांना वर्षभर नेमके काय शिकवले जाते याची विचारपूस कुणी फारशी करत नाही. मी खानापूर तालुक्यातील मेकॅनिकल पदविकाधारक असून उद्यमबागेतील एका डिझाइन ऑफिसात शिकाऊ उमेदवारीचे वर्ष नुकतेच पूर्ण केले आहे. त्या अनुभवावरून एक विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पहिले सात-आठ महिने माझ्याकडे एकच काम होते. ग्राहकांकडून आलेली जुनी, काही तर हाताने काढलेली ड्रॉइंग संगणकावर उतरवायची. त्यातून काहीच शिकलो नाही असे म्हणणे खोटे ठरेल. आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात, म्हणजे वस्तूचे उजव्या बाजूचे दृश्य डावीकडे काढतात, तर अमेरिकन ग्राहकाचे ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये, म्हणजे ते दृश्य उजवीकडेच काढलेले असते. कोपऱ्यातील चौकटीत छापलेल्या, पद्धत कोणती ते सांगणाऱ्या छाटलेल्या शंकूच्या चिन्हाकडे लक्ष गेले नाही तर उजव्या बाजूचे दृश्य डाव्या बाजूचे समजले जाते आणि मध्यरेषेपासून सरकलेले भोक भलत्याच बाजूला पडते. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या हातून नेमके हेच घडले. ड्रॉइंग तपासणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या भोकाभोवती लाल पेन्सिलीने गोल केला आणि एक शब्दही न बोलता प्रिंट माझ्यापुढे ठेवली. ती प्रिंट मी अजून जपून ठेवली आहे.

खरे शिक्षण मात्र नंतर झाले, आणि तेही अपघातानेच. आठव्या महिन्यात गिअरबॉक्सच्या एका बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) झाकणाचे मॉडेल मला पहिल्यांदाच स्वतंत्रपणे करायला मिळाले. पडद्यावर ते निर्दोष दिसत होते. दोन दिवसांनी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवण्यासाठी लागणारा भागाचा नमुना, करणारे एक वयस्कर काका ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन थेट ऑफिसात आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "पोरा, ह्ये वाळूतनं भायेर काढायचं कसं, तेवढं सांग बघू." मला सांगता आले नाही. झाकणाच्या उभ्या भिंतींना मी उतार दिलेलाच नव्हता, त्यामुळे पॅटर्न वर उचलताना साच्याची वाळू ढासळणार होती. आतले कोपरे तीक्ष्ण ठेवले होते, तिथून तडा जाण्याची भीती होती. सहा मिलिमीटरच्या भिंतीला लागूनच तीस मिलिमीटर जाडीचा भाग होता. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग मागून आखडतो आणि त्याच्या पोटात पोकळी राहते. काकांनी आपली पट्टीही दाखवली. ती नेहमीच्या पट्टीपेक्षा किंचित लांब असते, कारण करडे बीड थंड होताना साधारण एक टक्का आखडते आणि २०० मिलिमीटरच्या भागासाठी पॅटर्न २०२ मिलिमीटरच्या आसपास करावा लागतो. हे सगळे मी परीक्षेत लिहिले होते, त्याचे गुणही मिळाले होते.

काकांची फौंड्री, म्हणजे धातू ओतण्याचा कारखाना, माझ्या टेबलापासून चालत सात मिनिटांवर होती आणि तिथे पोहोचायला मला आठ महिने लागले. त्यानंतर साहेबांच्या परवानगीने चार शनिवार मी तिथे घालवले. पॅटर्न शॉपमध्ये मराठी, साच्यांवर कन्नड आणि भट्टीपाशी हिंदी अशी तिथली रीत होती. माझे जुजबी कन्नड शाळेतल्या तासांपेक्षा त्या चार शनिवारांत जास्त सुधारले, हे जाता जाता नमूद करतो. त्याच झाकणाचे पुढचे ड्रॉइंग काकांनी परत पाठवले नाही.

शिकाऊ मुलांना फौंड्रीत वा मशीन शॉपमध्ये पाठवण्याबाबत ऑफिसचालकांचे दोन आक्षेप मी ऐकले आहेत. मुलगा खुर्चीवरून उठला की ड्रॉइंगचे काम अडते, हा पहिला. तो समजण्यासारखा आहे. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने अशा मुलाला कामगार न मानता प्रशिक्षणार्थी मानले आहे आणि केंद्राच्या शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेनुसार त्याच्या किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते, ही गोष्टही विसरता येत नाही. २०१९ च्या नियमदुरुस्तीने पदविकाधारकासाठी दरमहा किमान ८,००० आणि पदवीधरासाठी ९,००० रुपये ठरवले. निम्मी रक्कम जनतेच्या पैशातून येत असेल तर ती शिकवण्यासाठी आहे, स्वस्तात ड्रॉइंग उतरवून घेण्यासाठी नाही.

दुसरा आक्षेप धोक्याचा. वितळलेल्या बिडाजवळ नवख्या मुलाला उभे करणे जोखमीचे आहे हे खरे, परंतु रीतसर करार नोंदवलेला असेल तर प्रशिक्षणात दुखापत झाल्यास भरपाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. अडचण येते ती नोंदणी नसलेल्यांची. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे, आणि आपल्याकडची बरीचशी डिझाइन ऑफिसे या दुसऱ्या गटात मोडतात. मग मुलाला नुसते "ट्रेनी" म्हणून बसवले जाते. त्याच्या हाती ना करार येतो, ना वर्षाअखेरीस प्रमाणपत्र. माझ्या एका वर्गमित्राचे चौदा महिने असेच गेले आणि आज मुलाखतीत दाखवायला त्याच्याजवळ एक कागद नाही.

इथे सीमाभागाची एक गुंतागुंतही आहे. पदविका आणि पदवीधर शिकाऊ उमेदवारांसाठी कर्नाटकातील आस्थापना चेन्नईच्या प्रादेशिक शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळाकडे येतात, तर वेंगुर्ले रस्त्याने थोडे पुढे गेल्यावर लागणारी शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात असल्याने तिथले कारखाने मुंबईच्या मंडळाकडे. बेळगावच्या एकाच गल्लीतील दोन मुले रोज सकाळी दोन दिशांना जातात आणि एकाचे कागद चेन्नईला, दुसऱ्याचे मुंबईला पोहोचतात. कायदा दोन्हीकडे एकच आहे, पण विचारायचे कुठे हे त्यांना कुणी सांगत नाही. हे काम पॉलिटेक्निकच्या प्लेसमेंट विभागांनी निकालाआधीच करावे.

डिझाइन ऑफिसच्या चालकांकडे माझी मागणी माफक आहे. शिकाऊ उमेदवाराच्या वर्षभराच्या आराखड्यात पॅटर्न शॉप, फौंड्री आणि मशीन शॉप यांसाठी मिळून तीन महिने लिहून ठेवावेत, आणि ते वर्षाच्या सुरुवातीला असावेत. तेवढेही जमत नसेल, तर निदान त्याने काढलेला भाग ज्या दिवशी ओतला जाणार आहे त्या दिवशी त्याला मोकळे करावे. मी जात असे त्या फौंड्रीत ओतकाम दुपारी तीननंतर सुरू होत असे. जेवणानंतर निघाले तरी वेळेत पोहोचता येते.

आपला,
एक माजी शिकाऊ उमेदवार, खानापूर तालुका
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)