‘हाय खाल्ली’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत गेल्या आठवड्यात मन आणि रोगप्रतिकारशक्ती यांच्या नात्यावर लेख आला होता. त्यातली मुख्य गोष्ट खरी आहे, आणि ती छापलीत याबद्दल आभार. पण शेवटच्या परिच्छेदात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा दाखला देऊन ‘जे घाबरले ते गेले, जे खंबीर राहिले ते तरले’ असं म्हटलं आहे. आमच्या जाऊबाईंनी तो लेख वाचला, पेपरची घडी घातली आणि माझ्या हातात दिला. काही बोलल्या नाहीत. म्हणून हे पत्र.

बार्शीत आमचं औषधांचं दुकान आहे. मी डी. फार्म. केलेली. यजमान आणि मी मिळून बावीस वर्षं काउंटर सांभाळतो आहोत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आमचं शटर रोज उघडं होतं, आणि तोवर कुणाच्या तोंडी नसलेला ‘इम्युनिटी’ हा शब्द पंधरा दिवसांत घराघरांत गेला. व्हिटॅमिन सी, झिंक, काढ्याची पाकिटं, आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या, माल आला की संध्याकाळपर्यंत संपायचा. “ताई, इम्युनिटी वाढवायला काय आहे?” हा पहिला प्रश्न. पैसे देऊन झाले, मागचं गिऱ्हाईक जरा लांब आहे असं पाहिलं, की हळू आवाजात दुसरा प्रश्न यायचा, “झोपच लागत नाही हो. काहीतरी द्या ना.” झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, डॉक्टरांना फोन करा, एवढंच मी सांगायची. झिंकची स्ट्रिप मात्र देत होते. त्या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. शिकलेली असून आलं नाही, याची खंत आहे.

संबंध काय, ते दुकानात सांगते तसंच सांगते. डेक्सामेथासोन आणि प्रेडनिसोलोन ही नावं आता सगळ्यांना पाठ आहेत. ही स्टेरॉइडं म्हणजे कॉर्टिसॉल नावाच्या संप्रेरकाचे भाऊबंद, आणि कॉर्टिसॉल आपलं शरीर रोज स्वतः तयार करतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ते सोडतात, आणि हुकूम येतो मेंदूकडून. अंगावर कुत्रं धावून आलं तर तेवढ्यापुरतं ते वाढतं आणि उपयोगीच पडतं. पण भीती महिनोन्महिने मुक्कामाला राहिली, की हेच कॉर्टिसॉल विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना दाबून ठेवतं. पुढे पुढे तर पेशी त्याचं ऐकेनाशा होतात आणि अंगातली सूज आवरत नाही. स्टेरॉइड जास्त दिवस घेणाऱ्याला संसर्ग लवकर होतो हे आम्ही गिऱ्हाइकांना नेहमी बजावतो. काळजीनं पोखरलेल्या माणसाच्या शरीरात ते आतल्या आत, त्याच्या नकळत चाललेलं असतं.

याचे पुरावे कोरोनाच्या कितीतरी आधीचे आहेत. इंग्लंडमधल्या सॅलिसबरी इथे सर्दीवर संशोधन करणारं केंद्र होतं. तिथे शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९४ धडधाकट माणसांना आधी त्यांच्या आयुष्यातल्या ताणाबद्दल विचारलं, मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले आणि त्यांना वेगळं ठेवून लक्ष ठेवलं. पाच प्रकारचे विषाणू वापरले होते आणि त्यांत एक जुना, साध्या सर्दीचा कोरोना विषाणूही होता. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सगळ्यांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्के लोकांना सर्दी झाली, सगळ्यांत जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के. पुढे २०१५ मध्ये १६४ जणांवर अशाच पद्धतीनं झोपेचा अभ्यास झाला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

आता संपादक महोदय, ते २७ आणि ४७ पुन्हा एकदा बघा. ताणानं पिचलेल्यांतले निम्म्याहून जास्त लोक विषाणू नाकात जाऊनही ठणठणीत राहिले. आणि निवांत माणसांतल्या चौथ्या हिश्शाहून जास्त लोकांना सर्दी झालीच. हजार माणसांचा विचार करताना हा फरक मोठा आहे, सरकारनं धोरण ठरवावं इतका मोठा. पण एका माणसाकडे बोट दाखवून ‘हा घाबरला म्हणून गेला’ असं या आकड्यांवरून कुणालाही म्हणता येणार नाही. आपल्या लेखात नेमकं तेच झालं आहे.

माझे थोरले दीर एसटीत वाहक होते, निवृत्त झालेले. साखर जुनी. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना कोविड सेंटरमध्ये दाखल केलं तेव्हा ऑक्सिजन ८० च्या खाली होता. (सेंटर कोणतं ते लिहीत नाही. तिथली माणसंही दोन-दोन पाळ्या सलग करत होती, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.) गडबडीत मोबाइल त्यांच्यासोबत गेला, चार्जर घरी राहिला. दुसऱ्या दिवशी फोन बंद झाला. यजमान चार्जर घेऊन गेले, त्यावर कागद गुंडाळून भाऊजींचं नाव आणि खाट क्रमांक लिहिला, रबरबँड लावला आणि फाटकावरच्या टेबलावर दिला. त्या टेबलावर डबे, गोळ्या, चष्मे, कवळ्या, सगळ्यांच्या पिशव्यांचा ढीग होता. जाऊबाई रोज डब्यासोबत चिठ्ठी द्यायच्या. संध्याकाळी फाटकापाशी उभ्या राहायच्या. आतून एखादा पांढरा पोशाख बाहेर आला की विचारायच्या, “सतरा नंबरचे जेवले का?” ज्याला विचारलं त्याला सतरा नंबर माहीत असायचाच असं नाही.

नवव्या दिवशी भाऊजी गेले. चार दिवसांनी पिशवी मिळाली. त्यात बंद पडलेला मोबाइल होता आणि चार्जरही होता, त्याच कागदात, त्याच रबरबँडमध्ये. कुणी उघडलाच नव्हता.

सांत्वनाचे फोन यायला लागले. जवळजवळ प्रत्येक जण तेच म्हणाला, “भाऊंनी हाय खाल्ली. धीर सोडायला नको होता.” बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आपल्याकडे तसं म्हणायची रीतच आहे. पण जाऊबाईंच्या मनात ते रुतून बसलं. आपण तो चार्जर पहिल्याच दिवशी दिला असता तर? आपला आवाज त्यांच्या कानावर पडला असता तर? पाच वर्षं होत आली, रात्री दोन-अडीचला त्या उठून बसतात. चार्जर पोहोचला असता तर भाऊजी वाचले असते, असं मी म्हणत नाही. साखर आणि फुफ्फुसांची अवस्था मला समजते. पण नऊ दिवस ओळखीचा आवाज कानावर न पडलेल्या माणसानं धीर ‘सोडला’ म्हणणं मला पटत नाही. त्याच्याकडे धीर पोहोचवायचं काम कुणाचं होतं, ते आधी ठरवायला हवं होतं.

जाऊबाईंसारख्या मागे राहिलेल्यांचाही विचार करायला हवा. अमेरिकेतल्या ओहायो इथे जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या ३२ जणांना फ्लूची लस दिली आणि तशाच वयाच्या, पण हा भार नसलेल्या ३२ जणांनाही दिली. हा १९९६ चा अभ्यास. भार नसलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांत लसीचा नीट प्रतिसाद उमटला, सेवा करणाऱ्यांपैकी फक्त ३८ टक्क्यांत. म्हणजे काळजी वाहणाऱ्याच्या अंगात लससुद्धा अर्धवट लागते. मग ज्या आशाताई उन्हातान्हात घरोघर ऑक्सिजन मोजत फिरल्या, ज्यांच्या तोंडावर लोकांनी दारं लावली आणि ज्यांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी संप करावा लागला, त्यांच्या प्रतिकारशक्तीचं काय झालं असेल? त्यांना आपण सॅनिटायझर आणि मास्क दिले. झोप दिली नाही, वेळेवर पैसे दिले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की महासाथीच्या पहिल्याच वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण २५ टक्क्यांनी वाढलं. पुढची साथ कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण तिची तयारी करताना ऑक्सिजनच्या टाक्या मोजतो तसं हेही मोजावं. प्रत्येक वॉर्डात एक माणूस असा हवा, ज्याचं काम फक्त रुग्णाचा निरोप घरी आणि घरचा निरोप रुग्णाकडे पोहोचवणं एवढंच असेल. त्याला डॉक्टर असायची गरज नाही, बारावी झालेला मुलगा चालेल. खाटेपाशी चार्जिंगची सोय हवी. परिचारिकांना आणि आशांना सलग दुसरी पाळी लावायची नाही, हा नियम कागदावर हवा आणि तो मोडला तर विचारणारं कुणी हवं. हातावर पोट असलेल्याला विलगीकरणात टाकलं, तर त्याच्या घरात त्या आठवड्याचं धान्य आधी पोहोचायला हवं. चूल पेटणार की नाही ही चिंता घेऊन झोपलेल्याला ‘सकारात्मक राहा’ सांगण्यात काही अर्थ नाही.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. तो आम्ही काउंटरवर लावला आहे, आणि झोपेची गोळी मागायला आलेला माणूस आता तो लिहून घेतो. पण आमचं दुकान एका गल्लीत आहे, आपला पेपर गावोगाव जातो. राशिभविष्याशेजारी रोज एक छोटी चौकट द्या.

आणि त्या लेखातलं शेवटचं वाक्य मागे घ्या. जाऊबाई अजून रोज पेपर वाचतात.

आपली नम्र,
एक औषध दुकानदार
बार्शी, जि. सोलापूर