मध्येच गळालेल्यांचाही आकडा छापा

संपादक महोदय,
स. न.

‘व्यायामाने स्मृतिभ्रंश टळतो’, ‘शब्दकोडी सोडवा, बुद्धी तल्लख ठेवा’ अशा बातम्या आरोग्याच्या पानावर दर दोन-चार आठवड्यांनी येतात. मी त्या आवडीने वाचते. पण वाचून झालं की हटकून प्रश्न पडतो, या माणसांवर किती वर्षं लक्ष ठेवलं होतं आणि त्यातली शेवटपर्यंत टिकली किती? बातमीत ते सहसा नसतंच. नोकरीची बरीच वर्षं मी ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीच्या एका दीर्घकालीन पाहणीसाठी घरोघर फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या. ही खोड तिथली.

काम दिसायला सोपं. तीन शब्द सांगायचे, म्हणवून घ्यायचे, मग भलतंच काहीतरी विचारायचं आणि थोड्या वेळाने ते शब्द परत विचारायचे. आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावायचे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापुढे लेखी सूचना धरून काय उपयोग? त्यांना म्हणायचं, ‘माझ्या चेहऱ्याकडे बघा, मी करते तसंच करा,’ आणि आपण डोळे मिटायचे. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांतल्या पाहणीसाठी जी हिंदी चाचणी बेतली गेली, तिच्यातली ही युक्ती. मला ती फार आवडते, कारण शाळा न पाहिलेल्या माणसाला ती उगाच ‘ढ’ ठरवत नाही.

एका घरी आजोबांना तिसरा शब्द आठवेना. माझ्या पाठीमागे उभी असलेली सून ओठ हलवून तो सांगत होती. आजोबांनी बरोबर पकडला, म्हणून दाखवला आणि दोघांचेही चेहरे खुलले. मला मात्र तो गुण देता येईना. पुढच्या फेरीला सुनेने दारातूनच सांगितलं, ‘त्यांना आता नका बाई त्रास देऊ.’ तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सासऱ्यांची अब्रू राखत होती बिचारी. पण आमच्या वहीतून जे नाव गळायला नको होतं, नेमकं तेच गळलं. तब्येत ठणठणीत असलेले, गप्पांची हौस असलेले लोक दर फेरीला भेटतात. विसरायला लागलेले, खचलेले, मुलांनी आपल्याकडे नेलेले हातून सुटतात. मग उरलेल्यांवरून हिशेब मांडला की कागदावरचं म्हातारपण खऱ्याहून गोजिरं दिसतं.

वर्षांचा मुद्दा तर याहून मोठा. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांची ‘व्हाइटहॉल टू’ ही पाहणी १९८५ मध्ये १०,३०८ जणांना घेऊन सुरू झाली. सुमारे २८ वर्षांच्या नोंदी तपासून २०१७ मध्ये संशोधकांनी जे सांगितलं ते आपल्या मथळ्यांना अडचणीचं आहे. स्मृतिभ्रंश झालेल्यांची हालचाल निदानाच्या सुमारे ९ वर्षं आधीपासूनच कमी होत आली होती. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या पाहणीत ‘बसून राहिले म्हणून आजार झाला’ असं दिसलं, तरी आजार आतून सुरू झाला म्हणून माणूस बसून राहिला, असंही असू शकतं. वजनाचंही तसंच. पन्नाशीतला लठ्ठपणा धोका वाढवतो, पण निदानाआधीच्या काही वर्षांत वजन उतरू लागतं. त्याच सुमाराला मोजणाऱ्याला वाटेल, बारीक माणसांनाच हा आजार होतो! (म्हणून कुणी चालणं सोडू नये. हृदयासाठी, मधुमेहासाठी ते हवंच, आणि तज्ज्ञांच्या यादीत बैठेपणा अजूनही धोक्याचाच घटक आहे.)

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोक तपासून घेत आहेत. म्हणूनच २०१६ मध्ये सांगता आलं की तिथे स्मृतिभ्रंशाचं नव्याने होण्याचं प्रमाण दर दशकाला सुमारे २० टक्क्यांनी घटत गेलं. मात्र ही घट किमान शालान्त शिक्षण झालेल्यांतच दिसली. हे शेवटचं वाक्य बातमीतून पहिलं कापलं जातं.

आपल्याकडे ‘लासी’ या वृद्धत्वाविषयीच्या राष्ट्रीय पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. पंचेचाळिशीपुढचे लोक आणि त्यांचे जोडीदार अशा ७२ हजारांहून अधिक जणांची माहिती तिने घेतली. तिच्याच स्मृतिभ्रंशविषयक शाखेने साठीपुढच्यांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज काढला. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. पण हा एका वेळचा फोटो झाला. असं का, हे त्याच माणसांकडे पुन्हापुन्हा गेल्याशिवाय कळायचं नाही. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात दहा हजार ग्रामस्थांचं उद्दिष्ट ठेवून तशी पाहणी चालू आहे. अशा कामाची बातमी मी आपल्या पानांवर क्वचितच पाहिली आहे.

आपल्या वाचकांत अशा पाहण्यांत नाव असलेली घरं असतील. त्यांना एवढंच सांगते. सगळी चाचणी झेपत नसेल तर अर्धी द्या, अर्धीचीही नोंद होते. पेशंट बसू शकत नसेल तर घरच्यांशी बोलूनही बरंच काही भरता येतं. ‘दहा वर्षांपूर्वीच्या मानाने आता कसं आहे’ असं विचारलं की ‘वयोमानाने व्हायचंच’ असं म्हणून वाटेला लावू नका. पैशांचा हिशेब जमतो का, नेहमीच्या रस्त्यावर चुकतात का, तेच तेच विचारतात का, ते जसंच्या तसं सांगा. आणि कृपा करून मागे उभं राहून शब्द सुचवू नका.

आपल्याला विनंती ही की, अशा संशोधनाची बातमी देताना निष्कर्षाखाली दोन ओळी वाढवाव्यात. किती वर्षं पाहिलं, आणि सुरुवातीच्या किती जणांपैकी किती उरले. हे आकडे मूळ शोधनिबंधात बहुधा असतात. वार्ताहराला ते शोधायला फार वेळ लागणार नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त क्षेत्र-अन्वेषक