रात्री तीनच्या शून्याबद्दल

रात्रपाळीच्या सिस्टर,

ओटीपोटाला मार लागलेला, ओटीपोटाभोवतीचं कमरेचं हाड (पेल्व्हिस) मोडलेला पेशंट येतो तेव्हा बाकीच्यांची नजर हाडावर असते. तुमची युरोमीटरवर, म्हणजे तासातासाची लघवी मोजायच्या भांड्यावर. दर तासाला वाकून आकडा वाचायचा आणि चार्टवर चढवायचा, हे काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आम्ही मात्र राउंडला आधी तोच कागद मागतो.

मोठ्या माणसाला किलोमागे तासाला निदान अर्धा मिली लघवी व्हावी. ६० किलोला ३० मिली. ४०, ३०, २०, १० असं उतरत गेलं की आम्ही रक्तस्राव शोधतो. ४५ नंतर एकदम शून्य आलं की आधी मूत्राशयातली नळी (कॅथेटर) तुंबली असं धरतो. दिवसाची नुसती बेरीज असती तर हा फरक कळलाच नसता.

आम्हाला फोन करण्याआधी तुम्ही जे करता त्याचे दुप्पट आभार. पांघरूण सारून नळी मांडीखाली दबली का, पिळली का ते पाहता. ओटीपोट फुगलंय का चाचपता. ऑर्डर असेल तर ५० मिलीच्या सिरिंजने निर्जंतुक सलाईन हलकेच सोडून परत ओढता. गुठळी असली की काळपट तुकडे येतात, धार सुटते. सलाईन आत जातं पण परत येत नाही, तेव्हा जोर न लावता हात आवरता, ते फार मोलाचं. मूत्राशय पोटाच्या पोकळीत फाटलं असेल तर लघवी तिथे साचते, पोटाच्या अस्तरातून पुन्हा रक्तात जाते आणि किडन्या धडधाकट असूनही रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा), पोटॅशियम चढतं. मग सिस्टोग्रामशिवाय, म्हणजे मूत्राशयात एक्स-रेत दिसणारा डाय भरून फोटो काढल्याशिवाय, गत्यंतर नाही.

लघवीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसला की कॅथेटर पाकिटातच ठेवून आम्हाला बोलावता, तेही तसंच. अर्धवट फाटलेला मूत्रमार्ग नळी रेटल्याने पुरता तुटू शकतो. आधी मूत्रमार्गात डाय सोडून एक्स-रे, नाहीतर ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी. आणि शून्य बघून कुणी घाईने लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) लिहायला घेतलं की ‘सर, नळी बघू का आधी?’ हे तुम्हीच विचारता. तुंबलेली नळी लॅसिक्सने मोकळी होत नाही.

एक विनंती तेवढी. सोडलेलं सलाईन वेगळ्या रकान्यात लिहा. १०० मिली सोडून पिशवीत १०० आले, तर लघवी शून्यच.

तुमचे,
युरॉलॉजी युनिटचे डॉक्टर