रविवारची इमॅजिका थीम पार्क सहल : जेवण आणि विश्रांतीबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. बस सकाळी ठीक ७ वाजता सोसायटीच्या गेटवरून निघेल. घाट उतरायचा असल्याने मुलांना भरपेट खाऊ घालून आणू नका. दशमी किंवा गूळपोळी पुरे. बाहेरचे पदार्थ पार्कमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे डबे बसमध्येच राहतील आणि परतताना उपयोगी पडतील. तान्ह्या बाळांचे खाणे आणि औषधे मात्र जवळ ठेवा.

जेवण आतच, पण साडेअकरालाच. एकनंतर रांगा वाढतात, भुकेली मुले रडतात आणि आजी-आजोबा ताटकळतात. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी वेळ अजिबात चुकवू नये. जेवणानंतर तासभर ‘नायट्रो’ रोलर कोस्टरकडे फिरकू नका! खोपोलीकडची दुपार पुण्यापेक्षा दमट असते, म्हणून दोन ते साडेतीन सगळ्यांनी सावलीत बसायचे किंवा ‘आय फॉर इंडिया’सारखी बंदिस्त राइड घ्यायची. सगळ्याच राइड झाल्या पाहिजेत असा हट्ट कृपया नको. लहानग्यांना डुलकी लागली तर लागू द्या, पाळीपाळीने थांबू.

पथ्य किंवा उपवास असल्यास शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.

– सहल समिती